रिकाम्या हातांनी घरी जाणाऱ्या आईबापांसाठी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत व्यवस्थापकाने उभे राहावयाचे ते जमाखर्च सांगण्यासाठी, अशी आपल्याकडील रूढी आहे. ती पत्रके लेखापरीक्षकांनी तपासलेली असून अहवालाच्या उत्तरार्धात छापली आहेत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्यामुळे आकड्यांवर बोलणे आम्हांस सोपे जाते. तथापि आज विषयपत्रिकेवरील एकाच ठरावाविषयी आपला थोडा वेळ घेण्याची अनुज्ञा असावी. प्रसूती विभागाच्या मागील बाजूस एक स्वतंत्र खोली बांधणे, दगावलेल्या नवजात बालकास घरी पोहोचविण्याकरिता वाहनाची कायम तरतूद करणे आणि अशा आईबापांच्या सोबतीसाठी एका अनुभवी परिचारिकेस नेमून देणे, असा तो तीन कलमी ठराव आहे.

ठराव फिरला तेव्हा एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस गाठून आपल्या वऱ्हाडी रोखठोकपणाने विचारले, "साहेब, जित्या लेकराले वाचवाले पैसे मांगा, आमी देतो. गेलेल्यासाठी खोली कायले?" प्रश्न सरळ होता आणि त्यामागील तळमळ खरी होती. त्यांनी यापूर्वी दिलेल्या देणगीतून घेतलेल्या वॉर्मरखाली अनेक बाळांनी ऊब घेतली आहे. म्हणून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर खाजगीत न देता येथे, सर्वांसमक्ष देणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम वाचविण्याविषयी. या बाबतीत महाराष्ट्राने मोठी मजल मारली आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार आपल्या राज्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या १६ होती, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्यांची ११. त्याच वर्षी संपूर्ण देशाचे आकडे अनुक्रमे २८ आणि २० होते. या यशात आपल्या विदर्भाचा वाटा मोठा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातीलच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणून दाखविला. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्या कार्यक्रमाचे मूळ त्या गावांत आहे. आपल्याच जिल्ह्यातील मेळघाटाच्या बालमृत्यूंनी १९९३ पासून साऱ्या राज्याची झोप उडविली. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर सरकारी व सेवाभावी डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या झटत आहेत. हे सर्व काम चालूच राहिले पाहिजे. त्यातला एक रुपयाही आम्ही या ठरावासाठी मागत नाही.

परंतु दर कितीही खाली आला तरी तो शून्य होत नाही. हजारात अकरा म्हणजे अकरा घरे होत. शिवाय हा आकडा जिवंत जन्मलेल्यांचा आहे. पोटातच ज्यांचे ठोके थांबले, त्या मृतजात बालकांची गणना वेगळी. जगभरात अशी सुमारे १९ लाख बालके दरवर्षी जन्मतात, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. बाळ वाचविण्यासाठी रुग्णालयात डॉक्टर आहेत, यंत्रे आहेत, औषधे आहेत. बाळ वाचले नाही, तर त्या क्षणापासून आईबाप घरी पोहोचेपर्यंत त्यांच्यासाठी कोण आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या दुःखाची उपेक्षा आजची नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण शाळेत वाचलेले असते. त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय, समुद्रप्रवास, १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, १८८७ मध्ये ऐन एकविशीत झालेला मृत्यू, हे सर्व आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्या दहा दिवसांवर आपण एका वाक्यात येतो आणि पुढे निघून जातो. चौदा वर्षांच्या त्या आईला त्या वेळी कोणी जवळ घेतले असेल, तिला काय ऐकावे लागले असेल, हा प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकाला पडत नाही. पदवी मिळविताना आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचा.

आपल्याकडे उपदेश मात्र भरपूर मिळतो. संत गाडगेबाबांना कीर्तन चालू असताना पुत्रनिधनाची वार्ता कळली आणि तरीही त्यांनी कीर्तन थांबविले नाही, ही हकीकत या जिल्ह्यात घरोघरी सांगितली जाते. बाबांच्या त्या वैराग्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ते वैराग्य त्यांनी स्वतःपुरते स्वीकारले होते. टाक्यांच्या वेदनेने कण्हणाऱ्या बाळंतिणीला कोणी ती हकीकत ऐकवू लागला की आमच्या परिचारिका त्याला नम्रपणे बाहेर बसावयास सांगतात. तसेच "होईन वं दुसरं", "देवाले पाह्यजे होतं", "बरं झालं, लवकर गेलं, माया नाही लागली" ही वाक्ये. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण नऊ महिने जिने पोटात वागविले तिला माया लागली नव्हती, हे तिला कोणी सांगावे? अशा वेळी काय बोलावे, हे आम्हांस पुष्कळजण विचारतात. बाळ गेल्याचे फार वाईट वाटते, एवढे म्हणावे आणि बसून राहावे. बाळाचे नाव ठेवले असेल तर ते नाव घ्यावे. त्याहून शहाणे वाक्य आमच्या सर्वांत जुन्या सिस्टरनाही सापडलेले नाही.

आता बाळ आईला दाखवावे की नाही, याविषयी. आपल्याकडील ज्येष्ठ मंडळींचा कल न दाखविण्याकडे असतो. तिने पाहिले तर ती वेडी होईल, असे त्यांना मनापासून वाटते. हा समज केवळ आपलाच नाही. इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात अनेक दशके मृतजात बाळ आईला न दाखविता परस्पर नेले जाई आणि ती विसरून जाईल असे धरले जाई. त्या माता विसरल्या नाहीत. त्यांतील काहींनी पन्नास-साठ वर्षांनंतर, स्वतः वृद्ध झाल्यावर, आपल्या बाळाला कोठे पुरले त्या जागेचा शोध काढला. १९७८ मध्ये तेथील अशाच आईबापांनी एकत्र येऊन 'सँड्स' ही संस्था उभी केली आणि पुढे तेथील रुग्णालयांची रीत पालटत गेली. आज तेथे आईबापांना विचारले जाते आणि ते म्हणतील तसे केले जाते.

आपल्या रुग्णालयाचा नियमही तोच आहे. सक्ती दोन्ही बाजूंनी नाही. बाळाला पुसून, स्वच्छ कपड्यात गुंडाळून, टोपडे घालून ठेवले जाते आणि सिस्टर आईला विचारते, "बाई, पाहायचं आहे का? घ्यायचं आहे का?" ती नको म्हणाली तर आणखी एकदा, थोड्या वेळाने विचारले जाते, कारण पहिला नकार पुष्कळदा सासूकडे पाहून दिलेला असतो. घ्यावयाचे असेल तर घाई करावयाची नाही. हाच प्रश्न बापालाही विचारावयाचा आहे. बाप म्हणजे फॉर्मवर सही करणारा, गाडी ठरविणारा, गावाकडे फोन करणारा, असेच सगळे धरून चालतात. ही सर्व धावपळ आटोपल्यावर जिन्याखाली एकटे उभे असलेले बाप आमच्या रात्रीच्या पहारेकऱ्याने पाहिले आहेत. त्यांना चहा आणून देण्याची रीत त्यानेच, कोणाच्याही आदेशाविना, सुरू केली.

यासाठीच स्वतंत्र खोली हवी. सामान्य प्रसूतिकक्षात एका खाटेवर हे दुःख आणि शेजारच्या खाटेवर पेढे, अशी स्थिती असते. कोणाच्या बाळाची पाचवी, कोणाच्या मामाने आणलेले झबले. शेजारणीने तरी आपला आनंद कोठे लपवावा? शिवाय प्रत्येक रडण्याबरोबर या आईचे दूध वाहू लागते. बाळ नाही हे शरीराला ठाऊक नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतेच. याची कल्पना तिला आधी कोणी दिलेली नसेल तर तो दिवस तिच्यासाठी दुसऱ्यांदा बाळ गेल्यासारखा असतो. म्हणून घरी जाण्यापूर्वीच तिला हे सांगावयाचे, थंड घड्या ठेवण्यास शिकवावयाचे, गरज भासल्यास डॉक्टरांनी औषध द्यावयाचे. छाती घट्ट बांधण्याची जुनी पद्धत डॉक्टरांना मान्य नाही, हेही सांगावयाचे. मुंबईला शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. जेथे अशी पेढी आहे तेथे बाळ गमावलेल्या एखाद्या आईने आपले दूध दुसऱ्याच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी दिले, तर तिच्या मनाला त्यात काही विसावा मिळू शकतो. मात्र हा तिच्या इच्छेचा प्रश्न आहे. दान म्हणून तो तिच्यापुढे कोणी ठेवू नये.

आता आमच्या टेबलावरील विषय, म्हणजे कागद आणि पैसे. शोकाच्या वेळी हे काय बोलावयाचे, असे कोणास वाटेल. परंतु डॉक्टरांचे शब्द आईबाप विसरतात आणि कॅश काउंटरवरचा शब्द जन्मभर लक्षात ठेवतात, असा आमचा या खुर्चीवरील अनेक वर्षांचा अनुभव आहे.

बिलासाठी कोणाचेही पार्थिव अडविता येत नाही; राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत ते स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्या रुग्णालयात त्यापुढे जाऊन बाळ ताब्यात देण्याच्या वेळी बिलाचा कागदच पुढे करावयाचा नाही, असा नियम आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार बिलाच्या रकमेच्या दोन टक्के निधी आपण निर्धन रुग्णांसाठी बाजूला काढतो. यांतील कित्येक कुटुंबे त्या निधीस पात्र असतात; पण रात्री दोन वाजता बैलगाडीने वा मोटारसायकलने प्रसूतीसाठी आलेल्या माणसाच्या खिशात शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला कोठून असणार? म्हणून कागदपत्रे नंतर, सवडीने आणण्याची मुभा आहे आणि ती मागावयास फोन करावयाचा झाल्यास पंधरा दिवस उलटल्यावरच करावयाचा आहे.

नोंदणीविषयी गैरसमज फार. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जे बाळ जिवंत जन्मले, मग ते तासभरच का जगलेले असेना, त्याच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी होतात. मृतजात बालकाची नोंद वेगळ्या नमुन्यावर होते. रुग्णालयात झालेल्या घटनेची माहिती निबंधकास एकवीस दिवसांत कळविणे हे आमचे काम आहे; त्यासाठी बापाला खेटे घालण्याची आवश्यकता नाही. "आता दाखला घेऊन करू काय?" असे विचारणारा एक शेतमजूर बाप आम्हांस आठवतो. आम्ही तो त्याच्यासाठी ठेवून दिला. सोयाबीन निघाल्यावर तो पत्नीसह आला. दाखला तिलाच हवा होता. आपण कोणाची तरी आई झालो होतो, हे सांगणारा तेवढाच एक कागद तिच्याजवळ असणार होता. इंग्लंडमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीपासून गर्भारपणात लवकर गेलेल्या बाळांसाठीही, आईबापांनी मागितल्यास, सरकार एक स्मरणपत्र देते. कागदाला रडण्याचे काम करता येत नाही, पण कधी कधी तो साक्षीदार होतो.

रजेचेही तसेच आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने 'बालक' या शब्दात मृतजात बालकाचाही समावेश केला होता. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, मृतजात प्रसूती झाल्यास अथवा जन्मानंतर लवकरच बाळ दगावल्यास, साठ दिवसांची विशेष रजा मंजूर केली. हे स्वागतार्हच आहे. पण आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या. त्यांची रजा मंजूर करणारा साहेब म्हणजे सासू. "लेकरू नाही तर बाळंतपण कशाचं?" म्हणून आठव्या दिवशी तिला वावरात धाडणारी घरे आहेत. म्हणून डिस्चार्ज कार्डावर आम्ही मोठ्या अक्षरांत छापून घेतले आहे की, ही बाळंतीण आहे, हिला पूर्ण विश्रांती, आहार व तपासणी आवश्यक आहे. रक्तस्राव, ताप, वाढलेला रक्तदाब यांना बाळ आहे की नाही याच्याशी काही कर्तव्य नसते.

ठरावातील वाहनाच्या कलमाविषयी फार बोलावे लागू नये. जून २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातील एका बापाला आपले मृतजात बाळ पिशवीत घालून, नाशिकहून एसटीच्या गाडीने ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर घरी न्यावे लागल्याची बातमी सर्व वृत्तपत्रांत आली. आपण ती वाचली असेल. शेजारच्या प्रवाशाने "पिशवीत काय आहे" असे विचारले असते तर त्याने काय उत्तर दिले असते, या विचाराने आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, अमरावती तासाभरावर आले. तरी आडवळणाच्या गावी रात्री जाणारे वाहन मिळविणे आजही बापाच्या नशिबावर आहे. गाडी आपली असेल, चालक परिचयाचा असेल आणि आईला बाळासह एकत्र जाता येईल, एवढेच मागणे आहे.

बाळाला घरी नेल्यानंतरचे विधी ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे होतात, त्यात रुग्णालयाने पडावयाचे नाही. हिंदू घरांत लहान बाळाला बहुधा पुरतात, बाराव्या-तेराव्याचे सोपस्कार नसतात. मुस्लिम घरांत श्वास घेतलेल्या बाळाचे नाव ठेवून, अंघोळ घालून नमाज अदा केली जाते. बौद्ध बांधव वंदना घेतात. पण एक गोष्ट आमची परिचारिका प्रत्येक बापास जाताना सांगते. स्मशानात बाईला नेत नाहीत, ठीक आहे. परंतु बाळाला कोठे ठेवले ती जागा, तिथले झाड, नाल्याचा काठ, जे असेल ते घरी येऊन तिला सांगा. ती विचारणार नाही, तरी सांगा.

तिसरे कलम परिचारिकेच्या नेमणुकीचे. बाळ गेलेल्या घरी सरकारी माणूस येतो तो बहुधा मृत्यूचे कारण विचारण्यासाठी. बालमृत्यूंच्या चौकशीची पद्धत आवश्यक आहे, त्यातूनच पुढची बाळे वाचतात. पण प्रश्नांच्या यादीपुढे बसलेल्या आईला ती झडती वाटते. आमच्या परिचारिकेने दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्यात जावे ते काहीही न विचारता, हातात कागद न घेता. सहाव्या आठवड्यानंतर पती-पत्नीने बालरोगतज्ज्ञांना व स्त्रीरोगतज्ज्ञांना एकत्र भेटावे, बाळ का गेले हे शांतपणे ऐकावे आणि पुढचे मूल केव्हा, याचा सल्ला त्यांच्याकडून घ्यावा, शेजारणीकडून नव्हे. या भेटीत सासूलाही बोलावण्याचा आमचा आग्रह असतो. अपुरे दिवस, जन्मताना गुदमरणे, जंतुसंसर्ग ही कारणे डॉक्टरांच्या तोंडून ऐकली की "सुनेनं ग्रहण पाळलं नाही" हा आरोप बहुतेक वेळा तेथेच गळून पडतो. ज्या आईचे किंवा बापाचे मन सावरत नाही, झोप-जेवण तुटले आहे, जगणे नकोसे झाले आहे, त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि शासनाची १४४१६ ही 'टेलि-मानस' सेवा रात्रंदिवस मराठीतूनही उपलब्ध आहे. तो क्रमांक आता कार्डावर छापला जातो.

भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. त्या घटनेनंतर राज्यभर अग्निसुरक्षेची तपासणी झाली. आपल्या कक्षातील तारा, धूरसूचक यंत्रे आणि बाहेर पडण्याचे दार यांचा तपशील सुरक्षा समितीच्या अहवालात दिला आहे. शासनाने त्या कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. मंत्री आले, कॅमेरे आले. परंतु कॅमेरे गेल्यानंतरचा महिना, पहिली संक्रांत, पहिला वाढदिवस, हे ज्याचे त्याला एकट्याने काढावे लागतात. आपल्या येथे जाणारी बाळे वर्तमानपत्रात येत नाहीत, एकेक करून जातात. त्यांच्या आईबापांचा पहिला महिना मात्र भंडाऱ्याच्या आईबापांहून काही वेगळा नसतो.

आता त्या ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नाकडे येतो. काका, खोली गेलेल्या लेकरासाठी नाही. ती दोन जित्या माणसांसाठी आहे. त्यांतली एक पुढल्या वेळी दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यातच तपासणीला येईल, की भीतीने आठव्या महिन्यापर्यंत घरीच बसेल, हे या रुग्णालयातून ती कशी बाहेर पडली यावर पुष्कळ अंशी ठरते. वॉर्मरचा उपयोग होण्यासाठी आईने आधी दारापर्यंत यावे लागते.

खोलीला नाव कोणाचे द्यावे, अशी विचारणा दोघा दात्यांनी केली आहे. त्यांच्या भावनेचा पूर्ण आदर राखून आमची विनंती अशी की दारावर कोणतीही पाटी नसावी. दात्यांची नावे अहवालात आणि प्रवेशद्वारीच्या फलकावर यथोचित येतील. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, पाळणा नसलेली एक लहान गादी, पिण्याचे पाणी आणि मागील अंगणाकडे उघडणारे दार एवढेच असेल, म्हणजे बाळाला घेऊन जाताना आईबापांना पेढे वाटणाऱ्या व्हरांड्यातून जावे लागणार नाही. आराखडा, अभियंत्यांचे अंदाजपत्रक आणि वाहनाच्या वार्षिक खर्चाचा तक्ता सभागृहाबाहेरील टेबलावर ठेवला आहे. ज्या आईबापांना आपल्या अनुभवावरून काही सुचवावयाचे असेल त्यांच्यासाठी तेथे एक वही आहे. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. ठराव चहापानानंतर मतास टाकला जाईल.